मनाची काळजी कुठून सुरू करायची? सोलापुरात राहणाऱ्यांसाठी पहिल्या पायऱ्या

ज्या घरात नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येतं, त्या घरातल्या बाईला "रोज सकाळी अर्धा तास स्वतःसाठी काढा" असं सांगणं म्हणजे तिच्या कामांत आणखी एका कामाची भर. पाणी पहाटे आलं तर पहाटे उठायचं, रात्री आलं तर रात्री जागायचं. मोटर लावा, पिंपं भरा, घागरी भरा, आणि ते उरकलं की डब्यांच्या मागे लागा. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाचं तेच, आणि हजार विड्यांचा हिशोब संध्याकाळपर्यंत पुरा करणाऱ्या मावशींचंही तेच. होटगी रोडच्या फ्लॅटमध्ये पुण्याच्या मुलाच्या फोनची वाट बघणाऱ्या आजी-आजोबांकडे वेळ भरपूर, पण तो खायला उठतो. मनाच्या काळजीवरचा बराचसा सल्ला मोकळी खोली आणि मोकळी सकाळ असलेल्यांसाठीच लिहिलेला असतो.

इथे दिलेल्या पायऱ्या चालू दिवसात बसतील अशाच निवडल्या आहेत. माझं मत असं, की सुरुवात शरीरापासून आणि वेळापत्रकापासून करावी. झोप थोडी सुधारली, पाय हलले, एका माणसाशी खरं बोलणं झालं, की विचारांवर काम करायला बळ येतं. उलट्या क्रमानं गेलं तर माणूस दमतो आणि "आपल्याच्यानं होत नाही" म्हणून सोडून देतो. सगळं एकदम धरू नका. पहिली पायरी आठवडाभर, त्यानंतरची प्रत्येक पंधरा दिवस, मग पुढची.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त लिहून ठेवा

काही बदलायचं नाही, नुसतं बघायचं. किराण्याच्या वहीचं मागचं पान चालेल. दिवसातून दोनदा, दुपारी जेवल्यावर आणि झोपण्याआधी, चार गोष्टी लिहा: किती वाजले, काय घडलं, अंगात कुठे जाणवलं, आणि त्या भावनेचं नाव. नावापुढे शून्य ते दहा असा आकडा टाका.

"अंगात कुठे" हे महत्त्वाचं. आपल्याकडे ताण फार वेळा शरीरातून बोलतो. डोकं जड होतं, छातीत धडधडतं, पित्त उसळतं, मान आणि खांदे आखडतात, मुलांवर विनाकारण हात उचलला जातो. विडी वळताना तासन्‌तास मान खाली घालून बसणाऱ्या बाईची मान कामानं दुखते, हे खरंच. पण ज्या दिवशी सासूशी वाजतं, त्या दिवशी ती जास्त दुखते का, हे वहीच सांगेल.

भावनेचं नाव नेमकं लिहा. "कसंतरी होतंय" यानं काम भागत नाही. राग आहे की अपमान, भीती की लाज, एकटेपणा की नुसता थकवा? २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं, की भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भीती-धोक्याशी जोडलेल्या भागाची, म्हणजे अमिग्डलाची, खळबळ कमी होते. आपल्या शहरात घरी तेलुगू, शेजारी कन्नड, दुकानात मराठी आणि गल्लीत उर्दू असा कारभार असतो. ज्या भाषेत तुम्ही एकट्यानं रडता, त्या भाषेत लिहा. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही.

आठवडा संपला की पान एकदा सलग वाचा. काही आकडे पुन्हा पुन्हा त्याच जागी वर जाताना दिसतील: पाण्याच्या दिवशी, बचत गटाच्या हप्त्याच्या आदल्या रात्री, पाळी यायच्या आधी, रविवारी संध्याकाळी मुलगा पुण्याला परत गेल्यावर. हाती लागलेला हा नकाशा पुढच्या सगळ्या पायऱ्यांना लागणार आहे, म्हणून हा आठवडा वगळू नका.

दुसरी: झोप, आणि तीही सोलापूरच्या उन्हाळ्यात

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे. चिडचिड, विसराळूपणा, रडू येणं यातला मोठा भाग अपुऱ्या झोपेतून येतो, आणि आपल्याकडे झोपेला कुणी गंभीरपणे घेत नाही. मोठ्या माणसाला साधारण सात ते नऊ तास झोप लागते. "मला पाचात भागतं" म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा भागत नसतं, फक्त सवय झालेली असते.

झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकत असतो, तेव्हा हे उतरणं अवघड होतं. मग झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या घराचा पारा चढलेला असतो. या दिवसांत वाढलेली भांडणं एकमेकांच्या स्वभावावर ढकलण्याआधी किती रात्री नीट झोप झाली ते मोजा.

करता येण्यासारखं बरंच आहे. ऊन चढायच्या आत खिडक्या-पडदे बंद, सूर्य मावळला की सगळं उघडं. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्यानं अंघोळ. पाणी पुरत नसेल तर ओल्या पंच्यानं मान, काखा, पाय पुसून घ्या. गच्ची असेल तर संध्याकाळी तिच्यावर पाणी मारण्यात पाणी वाया घालवू नका, पांढरा चुना लावा, तो उन्हाळाभर टिकतो. कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा साचतो.

चहाचं सांगायलाच हवं. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री साडेदहाला झोपायचं असेल तर शेवटचा चहा दुपारी चारच्या आत. पाहुणा आला आणि सहाला चहा झालाच, तर अर्धा कप घ्या. नातं तुटत नाही.

फोन उशाशी नको, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. एकच खोली असेल तर हात पोचणार नाही अशा फळीवर.

वीस-पंचवीस मिनिटं कूस बदलत राहिलात आणि झोप येत नसेल, तर उठून बसा. मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, शेंगा सोला, कपड्यांच्या घड्या घाला, आणि डोळे जड झाले की परत आडवे व्हा. अंथरुणात जागत काळजी करत पडलं, की अंथरूण आणि काळजी यांची जोडी मनात घट्ट होते. सकाळी मात्र रात्र कशीही गेली असली तरी उठायची वेळ तीच ठेवा. झोपेची घडी उठण्याच्या वेळेवर बसते.

पाळीत काम करणाऱ्यांना हे सगळं जमणार नाही. रात्रपाळीहून आल्यावर डोळ्यांवर काळा रुमाल, कानात कापूस, आणि घरच्यांना स्पष्ट सांगणं: "दुपारी दोनपर्यंत मला उठवायचं नाही, नळ आला तरी." माग दिवसभर कानात वाजत असतो, त्या माणसाला शांतता औषधासारखी लागते, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं.

तिसरी: दोन मिनिटांचा श्वास

चार मोजेपर्यंत नाकानं श्वास आत, सहा मोजेपर्यंत हळूहळू बाहेर. दहा वेळा. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके मंद होतात आणि शरीराला "धोका टळला" असा निरोप जातो. सिग्नलला, नळापाशी रांगेत, साहेबांच्या केबिनबाहेर, कुठेही जमतं, कुणाला कळतही नाही. चक्कर आली तर थांबा. एवढंच.

चौथी: घराबाहेर पाय

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणं. मन उदास असताना चालण्याचा गुण अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सोलापुरात प्रश्न वेळेचा. मार्च ते जून सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच. विजापूर रोडला राहणाऱ्यांना धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव, जवळ. गावात राहणाऱ्यांना होम मैदान, भुईकोट किल्ल्याचा परिसर आणि सिद्धेश्वर तलावाचा काठ. पाण्याच्या मधोमध देऊळ आणि वर पहाटेचं आभाळ असलेली जागा फार कमी शहरांच्या नशिबी असते. श्रद्धा असो वा नसो, तिथे वीस मिनिटं बसून बघा. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामांनी लोकांच्या श्रमातून हा तलाव उभा केला असं आपण ऐकत आलो आहोत, आणि आजही इतक्या लोकांचा शीण तिथे उतरतो.

रोज त्याच रस्त्याचा कंटाळा येत असेल तर एक कल्पना. शहरात आणि भोवताली अडुसष्ट शिवलिंगं आहेत. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज मिरवत त्यांना तैलाभिषेक होतो. आठवड्याला एक लिंग शोधून काढायचं. सव्वा वर्षाचं काम होतं आणि आपल्याच गावातल्या न पाहिलेल्या गल्ल्या बघून होतात.

चालायला बाहेर पडणं बायकांना अजूनही सोपं नाही. दोघी-तिघींची जोडी करा. घरच्यांना "फिरायला" म्हटलं की कपाळाला आठ्या, पण "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की परवानगी, असं असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडून खरंच लिहून घ्या.

पाचवी: काहीच करावंसं वाटत नाही, त्या दिवशी

आपण समजतो आधी मन लागेल, मग काम करू. उदासीत हे उलटं चालतं. आधी लहानसं काम होतं, त्यानं मन किंचित हलतं. मानसोपचारात ही पद्धत नेहमी वापरतात. चालू दिवसांतच एक यादी करून ठेवा, दहा मिनिटांत होणाऱ्या गोष्टींची. काही आनंदाच्या, काही उरकल्यावर बरं वाटणाऱ्या. तुळशीला पाणी घालणं, वेणी नीट घालणं, बहिणीला फोन, एक डबा घासून लख्ख करणं, उखळात शेंगाची चटणी कुटणं, गॅलरीत उन्हात बसणं. मन खचलेल्या दिवशी यादी सुचत नाही, म्हणून ती आधीच लिहिलेली हवी. त्या दिवशी फक्त एक निवडायची.

एक सावधगिरी. मावा, तंबाखू, दारू यांना या यादीत जागा नाही. मावा तोंडात टाकला की डोकं शांत होतं असं वाटतं. निकोटिनची तलफ आधी बेचैनी आणते आणि मावा तीच बेचैनी तासाभरासाठी मिटवतो, मूळचा ताण जागच्या जागी असतो. दारूनं झोप लागते पण मध्यरात्री मोडते, आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर मदत मिळते.

सहावी: एक माणूस

दहा मित्र नकोत, एक पुरे. ज्याच्यापाशी "मी ठीक नाही" हे वाक्य बोलता येईल, असा. कोण, ते आजच ठरवा. मावसबहीण, जुना वर्गमित्र, कामावरच्या अक्का, निवृत्त शिक्षक, कुणीही. एकच अट: तो माणूस तुमची गोष्ट दुसऱ्या दिवशी दत्त चौकात सांगत फिरणारा नसावा.

सुरुवात कशी करायची, इथे गाडी अडते. काही वाक्यं तयार ठेवा. "मला सल्ला नको, पाच मिनिटं फक्त ऐकशील?" "गेले काही दिवस झोप नाही, जीव कशात लागत नाही, तुला सांगावंसं वाटलं." पुरुषांना समोरासमोर बसून बोलणं जड जातं, ते चालताना, गाडीवरून जाताना, टपरीवर उभं राहून बोला. "काय बे, गप्प का हैस?" असं मित्रानं विचारलं आणि तोंडातून "काही नाही" निघालं, तरी दोन पावलं पुढे गेल्यावर खरं सांगता येतं. मित्रानंही दुसऱ्यांदा विचारायला हवं.

आणि ऐकणाऱ्याची बाजू. "सगळ्यांनाच असतं", "देवाचं नाव घे", "तुला काय कमी आहे" ही तीन वाक्यं गिळून टाका. "मग काय झालं?" आणि "तुला तेव्हा कसं वाटलं?" एवढ्या दोन प्रश्नांवर तासभर ऐकता येतं.

मुलं पुण्या-हैदराबादला गेलेल्या आई-वडिलांसाठी: फोनची वेळ ठरवून घ्या, बुधवार आणि रविवार रात्री साडेआठ, अशी. कधीही येऊ शकणाऱ्या फोनची दिवसभर वाट बघण्यात जीव जास्त शिणतो. मधल्या दिवसांत भजनी मंडळ, वाचनालय, कट्टा, नातवंडांच्या वयाची शेजारची मुलं, काहीतरी माणसांचं असू द्या. थंडीत कुणाच्या रानात हुरड्याला बोलावणं आलं तर गुडघे दुखतात म्हणून नाकारू नका. आगटीभोवती बसून होणाऱ्या गप्पा फोनवर होत नाहीत.

सातवी: कामं वाटणं आणि "नाही" म्हणणं

वहीत पाण्याच्या दिवशी आकडा आठ-नऊला जात असेल, तर त्या दिवशी श्वासाचे व्यायाम वाढवून उपयोग नाही, पाणी भरायला दुसरा माणूस हवा. ज्या ताणाचं कारण घरातल्या कामांच्या वाटणीत आहे, त्याचा उपायही तिथेच. बसून, शांत वेळी, भांडण नसताना सांगा: "पाण्याच्या दिवशी मोटर आणि टाकी तुमच्याकडे, डबे माझ्याकडे." कोण काय करणार हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. बारा वर्षांचा मुलगाही पिंप भरू शकतो, तो मुलगा आहे म्हणून सूट नको.

नाही म्हणताना कारणांची माळ लावू नका. जेवढी कारणं द्याल तेवढी समोरचा खोडत जातो. "या महिन्यात जमणार नाही" हे पूर्ण वाक्य आहे. वाईट वाटेल, थोडे दिवस. मग लोकांना सवय होते.

घरात मारहाण, धमकी, पैसे काढून घेणं असं काही असेल, तर तो कामाच्या वाटणीचा किंवा तुमच्या सहनशक्तीचा प्रश्न उरत नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी ११२.

आठवी: डॉक्टरांकडे कधी, आणि तिथे काय होतं

उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळजवळ रोज राहिलं, झोप-भूक बिघडली, कामावर जाणं जमेनासं झालं, छातीत धडधडून जीव जाईल असे झटके येऊ लागले, बाळंतपणानंतर आईला बाळाकडे बघावंसं वाटेना, तर घरगुती उपायांवर वेळ काढू नका. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं.

पहिला फोन १४४१६. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, तेलुगू, कन्नड, उर्दूतही. ज्यांना कुणाच्या नजरेला नजर देऊन बोलायचं धाडस नाही, त्यांच्यासाठी हे दार सगळ्यात सोपं.

समोर जाऊन दाखवायचं तर सिव्हिल हॉस्पिटल आहे, डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. केस पेपर काढायचा आणि मनोविकार विभाग विचारायचा. सकाळी लवकर जा, सोबत कुणाला तरी न्या, जुनी औषधं आणि रिपोर्ट पिशवीत ठेवा, आणि पहिल्या पायरीतली वही न्या. "काय होतंय?" या प्रश्नाला तिथे ऐनवेळी उत्तर सुचत नाही, वहीच बोलते.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे औषधं देऊ शकणारे डॉक्टर. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. कधी एक लागतो, कधी दोन्ही. डॉक्टर झोप, भूक, कामधाम, घरात आधी कुणाला त्रास होता का, नशा, असे प्रश्न विचारतात. रक्त तपासायलाही सांगतील, कारण थायरॉइडचा बिघाड, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता यांतूनही थकवा आणि उदासी येते. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं.

उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी वाटू शकते, ती डॉक्टरांना सांगा. या गोळ्यांची नशा लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून एकदम बंद केल्या तर त्रास होतो. त्या डॉक्टर हळूहळू कमी करतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांची मात्र सवय लागते. त्या घेऊ नका.

"गावात कळलं तर?" ही भीती मी कमी लेखत नाही, विशेषतः लग्नाच्या वयाची मुलं घरात असताना. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं हा कायदा गृहीत धरतो, त्याला शिक्षेपेक्षा उपचार मिळावेत म्हणून. तेव्हा पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका.

घरातलं माणूस यायला तयारच नसेल तर "तुला वेड लागलंय" हा शब्द चुकूनही नको. झोप येत नाही, डोकं दुखतं, या तक्रारी ते मान्य करतात; त्यांच्यासाठीच डॉक्टरकडे जाऊ म्हणा. तरीही नाहीच म्हटलं तर तुम्ही एकटे जाऊन डॉक्टरांना सगळं सांगा किंवा १४४१६ वर विचारा, पुढे कसं वागायचं ते कळेल. जीवाचे बरंवाईट करण्याची भाषा असेल तर एकटं सोडू नका, कीटकनाशक आणि गोळ्यांचा साठा घरातून हलवा, आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.